सरकारी पैशातून आलेल्या तंत्रज्ञानानं आपल्याकडची कॉलेजं खरंच बदलली का? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी लिहावं

अनगोळकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) २०२२ च्या अभ्यासक्रमात आठव्या सत्राची मुलं इंटर्नशिपला बाहेर असतात आणि दोन विषय ऑनलाइन करतात, एनपीटीईएल किंवा स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलवरून. उद्यमबागेत दिवसभर मशीनवर उभा राहणारा मुलगा रात्री जेवण झाल्यावर आयआयटीतल्या प्राध्यापकांचा तास ऐकतो आणि त्याचे गुण पदवीत धरले जातात. वीस वर्षांपूर्वी आमच्या स्टाफरूममध्ये असं काही होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

हे जवळपास सगळं लोकांच्या करातून उभं राहिलंय. एनपीटीईएल २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीनं मिळून सुरू केलं, खर्च केंद्राच्या शिक्षण खात्याचा. २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन आलं. त्यातून स्पोकन ट्युटोरियल (सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ), व्हर्च्युअल लॅब्ज (ऑनलाइन प्रयोगशाळा), एन-लिस्ट (कॉलेजांसाठी ई-ग्रंथालय) निघाले. २०१० मध्ये नॅशनल नॉलेज नेटवर्कला, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्था जोडणाऱ्या वेगवान जाळ्याला, मंजुरी मिळाली, दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी. २०१७ मध्ये स्वयं.

माझं मत स्पष्ट सांगतो. अभ्यासक्रम दर चार-पाच वर्षांनी बदलतात आणि त्यानं फारसं काही हलत नाही. शिकण्याची पद्धत बदलली ती या गोष्टींमुळे. पण ज्या कॉलेजात हे चालवायला एखादा माणूस झटला तिथंच. यंत्राला निधी येतो, माणसाला येत नाही, आणि आमच्या भागात घोडं तिथंच पेंड खातं.

तुमच्या कॉलेजात यातलं काय पोचलं, काय पोचलं नाही आणि का, ते लिहा. इंजिनिअरिंगवाल्यांनीच लिहावं असं नाही. बी.ए., बी.कॉम., डिप्लोमा, सगळ्यांचं ऐकायचंय.

---

फौंड्रीवाला | सोमवार, रात्री ९:५८

माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आत्ता भट्टीवर हीट चालू आहे, सविस्तर नंतर लिहितो. जागा राखून ठेवा.

---

जुना_बाक | सोमवार, रात्री १०:३१

अनगोळकर सर, चांगला धागा. जरा मागं जाऊन सांगतो, म्हणजे नव्या मुलांना कळेल.

भारतात इंटरनेट आधी आलं ते विद्यापीठांत. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं अर्नेट सुरू केलं. आयआयएससी, पाच आयआयटी आणि मुंबईची एनसीएसटी ही सरकारी सॉफ्टवेअर संस्था एकमेकांना जोडली. तुम्हाआम्हाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही विदेश संचार निगमकडून. अमेरिकेत १९६९ चं अर्पानेट, ज्यातून पुढं इंटरनेट आलं, तेही संरक्षण खात्याच्या पैशाचं. वर्ल्ड वाइड वेब सर्न या युरोपातल्या सरकारी पैशाच्या संशोधन संस्थेत तयार झालं आणि १९९३ साली सर्ननं ते कुणालाही फुकट वापरायला खुलं केलं. आज खाजगी कंपन्या ज्यावर उभ्या आहेत तो पायाच सरकारी पैशाचा आहे, हे वर्गात आवर्जून सांगायला हवं.

आता आपल्या बेळगावचं. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं एज्युसॅट सोडला, फक्त शिक्षणासाठी असलेला आपला पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात तीन विद्यापीठं होती : आपलं व्हीटीयू, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचं राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ. मच्छेत मुख्यालय असलेलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं, तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं विद्यापीठ या यादीत होतं, याचा आम्हाला फार अभिमान वाटायचा.

मी त्या वेळी शिकवत होतो. गच्चीवर डिश, एका वर्गात पडदा, स्टुडिओतून तास. शिकवणारे उत्तम असायचे. पण तास ठरलेल्या वेळीच. त्याच वेळी मुलांचं प्रॅक्टिकल असेल तर तो तास बुडाला. शिवाय आमचे तास केयू बँडच्या लहरींवर यायचे आणि जोराच्या पावसात त्या लहरी क्षीण होतात. बेळगावचा जुलै तुम्हाला वेगळा सांगायला नको. ऐन सत्राच्या तोंडावर पडद्यावर मुंग्या. एनपीटीईएलची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आली तेव्हा पहिल्यांदा तास मुलांच्या हातात आला. थांबवा, मागं घ्या, पुन्हा ऐका. मंद समजला जाणारा मुलगा तीनदा ऐकून पुढं गेलेला मी पाहिलाय.

---

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ११:०५

जुना_बाक सर, जुलैचं आमच्याकडं अजून तसंच आहे! आमचं गाव जांबोटीच्या वर, जंगलात. पाऊस लागला की वीज जाते आणि विजेबरोबर टॉवर. पंचायतीत भारतनेटची (सरकारी इंटरनेटची) पेटी आहे, पण ती पंचायतीच्या वेळेत आणि वीज असली तरच.

मी डिप्लोमा करून आता बी.ई.ला आहे. एनपीटीईएलचे व्हिडिओ उतरवून घेता येतात म्हणून निभावलं. कॉलेजात असताना आठवड्याचे सगळे भरून घ्यायचे आणि घरी बघायचे. अडचण येते ती असाइनमेंटची. ती ठरलेल्या तारखेआधी ऑनलाइनच भरावी लागते. बारा आठवड्यांच्या कोर्सात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्याचे २५ गुण, म्हणून एखाददुसरी हुकली तरी चालतं. पण पावसाळ्यात सलग हुकतात. मित्र म्हणतो, "काय करूलास बे, बेळगावात खोली घे की." त्याला भाडं कोण सांगणार.

बाकी शिकवणं एक नंबर. आमच्या वर्गात जे आयुष्यात कुणी समजावलं नसतं ते तिथं समजलं.

---

तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

यूजीसीनं २०१६ च्या नियमांत २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घ्यायला परवानगी दिली. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. कागदावर हे मुलांचं स्वातंत्र्य. प्रत्यक्षात एखाद्या विभागात प्राध्यापक निवृत्त झाला, जागा भरली नाही, तर विषयाचं काय करायचं? "स्वयंवर आहे की." राज्यातली सरकारी पदवी कॉलेजं वर्षानुवर्षं अतिथी व्याख्यात्यांच्या जिवावर चाललीत. तो माणूस तासावर पैसे घेतो, पुढच्या वर्षी असेल की नाही त्याला माहीत नसतं. अशा वेळी तंत्रज्ञान हे रिकामी खुर्ची झाकायचं कापड होतं.

टेकिपचंच बघा. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेली सरकारी योजना. तिच्या तिसऱ्या टप्प्यात मागास राज्यांतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना आयआयटी-एनआयटीतून शिकलेले शिक्षक दिले. म्हणजे एकदा तरी सरकारनं माणसांवर पैसे घातले. २०२१ मध्ये योजना संपली आणि हजाराहून अधिक तरुण शिक्षक घरी गेले. त्यांनी उभ्या केलेल्या लॅबमधली उपकरणं मात्र जागेवर राहिली.

म्हणून अनगोळकरांच्या "माणसाला निधी येत नाही" या वाक्याशी शंभर टक्के सहमत आणि "कॉलेजं बदलली" या वाक्याशी अजिबात नाही. पोर्टल बदललीत.

---

कडोलीचा_पाटील | मंगळवार, सकाळी ८:१२

तिसरं_गेट यांना +१.

---

अनगोळकर | मंगळवार, सकाळी ८:४०

तिसरं_गेट, राग कसला, हेच ऐकायचं होतं. फक्त एक प्रश्न. ज्या विभागात जागा भरलेल्या आहेत तिथंही मुलं एनपीटीईएल ऐकतात. ती खुर्ची झाकण्यासाठी नक्कीच नाही. तिथं काय झालं म्हणाल?

---

ग्रंथपाल_शहापूर | मंगळवार, दुपारी १:२५

मी उत्तर देऊ का? मी पंचवीसेक वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, अनुदानित, कला-वाणिज्यचं कॉलेज.

२०१० च्या आधी आमच्याकडं संशोधन नियतकालिकं किती यायची, तर बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी उशिरा. एन-लिस्ट आल्यावर कॉलेजला वर्षाला काही हजार रुपयांत हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं उघडली. पासवर्ड प्रत्येक विद्यार्थ्याला. कुणी विचारेल, मुलं वापरतात का? आपोआप नाही वापरत. शेजारी बसवून दाखवावं लागतं.

एक सांगते. मराठीत एम.ए. करणारी एक मुलगी आली. सीमाभागातल्या जात्यावरच्या ओव्यांवर लिहायचं होतं. मी शोधगंगा उघडली. यूजीसीनं २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं ते सगळे एका जागी ठेवले. त्यात शिवाजी विद्यापीठ निवडलं, मग मराठी विभाग. तिथं प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असतं. ती पहिलं प्रकरण उघडायला निघाली. मी म्हटलं, "आधी शेवटची फाइल उघड बाळ, संदर्भसूची." तीत ओवीसंग्रहांची नावं मिळाली, त्यातली दोन पुस्तकं आमच्याच कपाटात वरच्या फळीवर धूळ खात होती. पूर्वी हेच करायला कोल्हापूरला जाऊन, ओळख काढून, प्रबंधाच्या खोलीत परवानगीनं बसावं लागायचं. मुलींना घरून एवढी मोकळीक कुठं होती?

तेव्हा तिसरं_गेट दादा, बदल झाला. खुर्ची भरलेली असली की तो होतो, एवढं मात्र तुमचं खरं.

आता काळजीचं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे सगळ्या संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्रानं एकत्र भरायची योजना, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना फार मोठी आणि चांगली. पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्याच संस्था. व्हीटीयू, राणी चन्नम्मा विद्यापीठ त्यात बसतात. आपल्या शहरातली बहुतेक जुनी कॉलेजं शिक्षण संस्थांनी काढलेली. केएलई १९१६ ची, कर्नाटक लॉ सोसायटी १९३९ ची. इथं उच्च शिक्षण लोकांनी वर्गणी काढून उभं केलं, आणि नेमकी तीच मुलं बाहेर राहतात. पैसा सार्वजनिक असेल तर विद्यार्थी कुठल्या पाटीखाली बसतो हे बघू नये.

---

वडगावची_लेक | मंगळवार, दुपारी २:०२

ताई, "आधी शेवटची फाइल उघड" हे आमच्या गाइडनं पण नाही सांगितलं. आजच करून बघते. 🙏

---

निपाणीकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

आमच्या गावाची तऱ्हा निराळी. निपाणी कर्नाटकात, आणि गावाला लागून अर्जुननगर, ते महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. एकाच गल्लीतली मुलं दोन राज्यांच्या नियमांनी शिकतात.

माझी मुलगी कर्नाटकातल्या कॉलेजात, पुतण्या पलीकडं. कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये देशात सर्वांत आधी नवं शैक्षणिक धोरण लागू केलं आणि २०२४-२५ पासून पदवी परत तीन वर्षांची केली. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण २०२४-२५ पासून सुरू झालं. एका घरात एक तीन वर्षांची पदवी, दुसरी चार वर्षांचा पर्याय असलेली. विषयांची नावंसुद्धा जुळत नाहीत.

या सगळ्यात दोघांना समान काय मिळालं? स्वयं. दोघांनी एकाच सत्रात एकच कोर्स घेतला, एका टेबलावर बसून असाइनमेंट सोडवली. त्याचे क्रेडिट (पदवीत धरायचे श्रेयांक) डिजिलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जातात, ती २०२१ पासूनची. पुढं कॉलेजनं ते धरायचे की नाही तो वेगळा तमाशा. पण सीमेच्या अलीकडं-पलीकडं एकच शिक्षक, एकच प्रश्नपत्रिका, हे आमच्या निपाणीत आधी कधी झालं नव्हतं.

---

शिनोळी_नाका | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

निपाणीकर काका, आमच्या नाक्यावर हे एमएस-सीआयटीनं कधीच केलं होतं. महाराष्ट्राच्या उच्च व तंत्रशिक्षण खात्यानं २००१ मध्ये एमकेसीएल ही कंपनी काढली. तिचा हा संगणकाचा कोर्स मराठीत. बेळगावच्या पश्चिम भागातली, उचगाव-सुळग्याकडची मुलं चंदगडच्या बाजूला येऊन तो करायची, कारण महाराष्ट्रात नोकरीला प्रमाणपत्र लागायचं. कर्नाटकच्या हद्दीत तो मिळत नव्हता. आता प्रश्न असा की ८६५ गावांची बाजू घेणारे पुढारी...

---

जवाहरनगर | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

आला का सीमाप्रश्न? इथं कॉलेजचं चाललंय. आणि कन्नड यायलाच पाहिजे, व्हीटीयूत 'बळके कन्नड' (कन्नड न येणाऱ्यांसाठीचा विषय) शिकूनच आम्ही पास झालो, काही बिघडलं नाही.

---

शिनोळी_नाका | मंगळवार, संध्याकाळी ७:४४

कन्नड येऊ नये असं कोण म्हणालं? मी मराठीतून संगणक शिकवण्याबद्दल...

---

संपादक | मंगळवार, संध्याकाळी ८:००

दोघांनाही विनंती, सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागा आहे. इथं भाषेबद्दल लिहायचं तर वर्गातल्या अनुभवातून लिहा.

---

नंदगडच्या_बाई | मंगळवार, रात्री ९:२०

संपादक म्हणतात तसं वर्गातूनच लिहिते.

आमच्या खानापूर भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की पुस्तकं, तास, परीक्षा एकदम इंग्रजी. हुशार मुलगाही वर्षभर तोंड उघडत नाही. डिग्रीला येईपर्यंत त्याची खात्री झालेली असते की संगणक आपल्यासाठी नाही.

मी पदवी कॉलेजात शिकवते. आम्ही स्पोकन ट्युटोरियल घेतलं, आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेलं. व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर जे दिसतं ते इंग्रजीच राहतं, मेनू, कमांड, सगळं. आवाज मात्र मराठीत लावता येतो, कन्नडमध्येही, बावीस भारतीय भाषांत मिळून. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण नोकरीत समोर इंग्रजीच मेनू येणार.

पद्धत बघा. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडं. आवाज सांगतो, "आता सेव्ह करा." मुलगा व्हिडिओ थांबवतो, स्वतः सेव्ह करतो, दोन्ही पडदे जुळतात का बघतो, पुढं जातो. जुळलं नाही तर मागं येतो. आमच्या लॅबमधला एक मुलगा, वर्गात नाव विचारलं तरी खाली बघणारा, लिबरऑफिसमध्ये वडिलांच्या दूध डेअरीचा हिशेब मांडून घेऊन आला. फॅट, लिटर, दर, पंधरवड्याची बेरीज. बेरजेचं सूत्र त्यानं स्वतः टाकलं होतं. त्या दिवसापासून तो लॅबमध्ये इतरांना सांगायला लागला, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

इंटरनेट लागत नाही, सगळं आधी उतरवून ठेवता येतं. विषयतज्ज्ञ शिक्षक लागत नाही. लागतो एक समन्वयक : लॅब उघडायला, मुलांना बसवायला, परीक्षेची तारीख घ्यायला. मी ते काम तासांच्या वर करते, त्याचा कुठंही कार्यभार धरला जात नाही. अनगोळकर सरांचा मुद्दा माझ्यासाठी हा आहे. मी बदलून गेले तर पुढच्या वर्षी कोण करेल, याची मला खरंच काळजी आहे.

---

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९:३३

बाई, आमच्या शाळेत दहावीपर्यंत संगणक कपाटात होता. हे डिप्लोमाच्या आधी मिळालं असतं तर!

---

टिळकवाडी_तरुण | मंगळवार, रात्री १०:१०

आता एआय आहे. मोबाइलला मराठीत विचारा, सांगतो. हे व्हिडिओ, पोर्टलं कशाला?

---

जुना_बाक | मंगळवार, रात्री १०:४५

तरुण मित्रा, भारतीय भाषांच्या एआयमध्येही सरकारी पैसा आहे. केंद्रानं भाषांतरासाठी भाषिणी उभं केलं. एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषदेनं) अभ्यासक्रम भाषांतरित करायला अनुवादिनी केलं. २०२१-२२ पासून मराठी, कन्नडसह काही भारतीय भाषांतून बी.टेक.लाही परवानगी आहे. त्यासाठी पुस्तकं लागतात, ती मराठीतही आली. मोबाइल उत्तर देतो, पण परीक्षा घेऊन, केंद्रावर ओळखपत्र तपासून, पदवीत क्रेडिट देत नाही. या धाग्याचा विषय पदवी आहे.

---

फौंड्रीवाला | बुधवार, पहाटे ५:३०

राखलेली जागा भरतो. रात्रपाळी संपली.

बेळगाव ओतकामाचं गाव आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. उद्यमबाग, मच्छे, शहराच्या कडेनं फौंड्र्या. वडिलांची छोटी आहे, मी मेकॅनिकल करून तिथंच. आमच्या धंद्यात खरा शत्रू रिजेक्शन. वरून कास्टिंग सुरेख दिसतं, गिऱ्हाइकाकडं मशीनिंग करताना आत पोकळी निघते आणि लॉट परत येतो. कारण असं : ओतलेला धातू गोठताना आकसतो. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो. तोपर्यंत शेजारचा पातळ भाग घट्ट झालेला असतो, मग त्या जाड भागाला धातू पुरवणार कोण? आत भोक पडतं. म्हणून तिथं रायझर बसवतात, धातूचा साठा, जो स्वतः त्याच्याही नंतर गोठेल आणि तोवर धातू पुरवत राहील. रायझर किती मोठा आणि कुठं, हे वडील आणि आमचे जुने मोल्डर (साचे करणारे) अंदाजानं ठरवायचे. त्यांचा अंदाज शंभरात नव्वद वेळा बरोबर. उरलेल्या दहात नफा जायचा.

कॉलेजात शेवटच्या वर्षी सरांनी ई-फौंड्री दाखवलं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी नॅशनल नॉलेज नेटवर्कच्या पैशातून केलेलं, फुकट. ओतकामाचे धडे आहेतच, पण खरी मजा सिम्युलेशनची. आपल्या कास्टिंगचं त्रिमितीय मॉडेल वर चढवायचं. हिशेब त्यांच्या सर्व्हरवर होतो आणि कुठला भाग शेवटी गोठणार ते रंगात दिसतं. असलं विकतचं सॉफ्टवेअर लाखांच्या घरात, आमच्यासारख्यानं त्याची जाहिरातच बघावी.

आमच्याकडचं एक पंप हाउसिंग होतं, सतत त्रास देणारं. मी त्याचं मॉडेल काढून चढवलं. सगळ्यात गरम ठिपका फ्लॅंजच्या (जोडायच्या कडेच्या) मुळाशी आला. आमचा रायझर होता वरच्या उंचवट्यावर. वडिलांना पडदा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग आमच्या म्हाताऱ्या मोल्डरला हाक मारली. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मी म्हणत होतो की तिकडं गरम राहतंय, पण पॅटर्न (साच्याचा नमुना) बदलायचा खर्च म्हणून गप्प बसलो." पॅटर्न बदलला. ते हाउसिंग त्यानंतर परत आलं नाही.

माझ्यासाठी उच्च शिक्षण म्हणजे ही गोष्ट. नॉलेज नेटवर्कच्या ५,९९० कोटींपैकी काही रुपये उद्यमबागेतल्या एका शेडपर्यंत आले. आणि ते पोचवले एका सरांनी, जे संध्याकाळी लॅब उघडी ठेवायचे. त्यांना सांगितलं कुणीच नव्हतं.

---

ग्रंथपाल_शहापूर | बुधवार, सकाळी १०:०५

फौंड्रीवाला, त्या म्हाताऱ्या काकांना माझा नमस्कार सांग.

---

तिसरं_गेट | बुधवार, सकाळी ११:३०

फौंड्रीवाला आणि नंदगडच्या बाई, दोघांचं वाचलं. "पोर्टल बदललीत" हे मी जरा जास्तच ठोकून बोललो असं तुम्हाला वाटेल, पण माझा मुद्दा मला तुमच्या गोष्टींत आणखी पक्का दिसतो. दोन्हीकडं काम झालं ते कुणाच्या तरी पदरमोडीनं. सर सेवेतून गेले, बाईंची बदली झाली, की संपलं. योजनेच्या पैशात निदान पाच वर्षांचा एक लॅब सहायक धरायला काय हरकत आहे? २०२१ मध्ये राज्यानं सरकारी पदवी कॉलेजं आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना टॅब्लेट वाटले. टॅब्लेट वाटता येतात, मग माणूस का नेमता येत नाही?

---

अनगोळकर | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडं येतो.

एज्युसॅटपासून स्वयंपर्यंत जे जे टिकलं त्यात मला एक गोष्ट दिसते. वेळ विद्यार्थ्याच्या हातात गेली आणि त्याला ते स्वतःच्या कामाला लावता आलं, डेअरीचा हिशेब असो, रायझर असो, ओव्या असोत. जिथं फक्त खोली सजली, तिथं वर्षभरात कुलूप लागलं. आमच्या कॉलेजातही एक अशी खोली आहे.

तिसरं_गेट यांची लॅब सहायकाची मागणी मला पटते. त्यात नंदगडच्या बाईंची भर घालतो : समन्वयकाचं काम आठवड्याच्या कार्यभारात धरावं. त्याला नवा पैसाही लागत नाही, विद्यापीठाचं एक परिपत्रक लागतं. आणि ग्रंथपाल ताईंची : अनुदानित कॉलेजांना सबस्क्रिप्शन योजनेत घ्यावं. या तीन मागण्यांचं निवेदन मी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहायला घेतोय. कन्नड मसुदा कोण तपासेल?

---

जवाहरनगर | बुधवार, रात्री ९:२२

कन्नड माझ्याकडं द्या. आणि शिनोळी_नाका, तू मराठी बघ.

---

शिनोळी_नाका | बुधवार, रात्री ९:२५

पाठवा. शनिवारपर्यंत देतो.

---

फौंड्रीवाला | बुधवार, रात्री ९:५०

कारखानदारांच्या सह्या मी आणतो. सह्यांच्या दिवशी कुंदा माझ्याकडून.

---

बोरगावची_स्नेहा | गुरुवार, दुपारी १२:४०

मी नवीन आहे, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजात स्वयंबद्दल कुणी बोलत नाही. कॉलेजनं नोंदणी केली नसेल तर मला एकटीला कोर्स घेता येतो का? फी किती?

---

ग्रंथपाल_शहापूर | गुरुवार, दुपारी १:१०

स्नेहा, येतो. कुणालाही घेता येतो, शिकायला फी नाही. फी लागते ती केंद्रावरच्या परीक्षेला, एनपीटीईएलच्या कोर्साला साधारण हजार रुपये. मात्र ते क्रेडिट तुझ्या बी.कॉम.मध्ये धरायचे असतील तर परीक्षेची फी भरण्याआधी प्राचार्यांकडून लेखी घे, नंतर नको. वाणिज्यचे कोर्स बरेच आहेत. कुठला घ्यायचा ते ठरत नसेल तर तुझे या सत्राचे विषय इथं लिही, आपण मिळून बघू.